पुदिना, बर्फ आणि पाचवे शील

गेल्या मे महिन्यात वस्तीतल्या एका लग्नाला गेलो होतो. वेळ भर दुपारची. मुहूर्त आपण मानत नाही, पण हॉल दुपारचाच स्वस्त मिळतो, त्यामुळे नागपूरच्या ४४ अंशांत पाहुणे घामाघूम होऊन येत होते. दाराशीच टेबल मांडलेले. हिरव्यागार पाण्याचे प्लास्टिकचे पेले आणि वर पाटी: वेलकम ड्रिंक, मिंट मोहितो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली वस्तीतलीच एक मुलगी पेला हातात घेऊन आमच्याजवळ आली आणि हळूच विचारती झाली, "मावशी, मोहितो म्हणजे दारूच असते ना वो? मंग शील नाई का मोडत?"

शेजारी बसलेल्या आजीने ते ऐकले आणि हातातला पेला विंचू चावल्यासारखा खाली ठेवला. "अव माय! अन् मी तं दोन गिलास पेली!"

आम्ही चाखून पाहिले. साखर, सोडा, हिरवा रंग आणि टूथपेस्टसारखा वास. दारूचा थेंब नव्हता. पुदिन्याचे पानही नव्हते. आजीचे शील शाबूत होते, पण पोटात ६-७ चमचे साखर गेली होती आणि आजीला १२ वर्षांपासून मधुमेह आहे.

त्या दिवशीच ठरवले की या विषयावर आरोग्यपानात लिहायचे. आम्ही म्हणजे विहाराच्या आरोग्य गटातल्या आठ जणी. त्यांतल्या एकीने १८ वर्षे सरकारी आणि खासगी वॉर्डांत नर्स म्हणून काढली, बाकीच्या जणी अंगणवाडी, आशा, शिवणकाम, भाजीचा गाडा अशा निरनिराळ्या कामांतून आलेल्या. पाककृती बहुतेक त्यांच्याच आहेत.

त्या मुलीचा प्रश्न मात्र खरा होता. मोहितो मुळात दारूचाच पेला. तो क्यूबाचा, हवाना शहराचा. पांढरी रम, लिंबू, साखर, सोडा आणि पुदिना. तिथे त्या पानाला येर्बा बुएना म्हणतात, अर्थ 'चांगली वनस्पती'. अमेरिकेत केंटकी राज्यात दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची मोठी शर्यत होते, तिथे मिंट ज्युलेप पितात: व्हिस्की, साखर, कुटलेला बर्फ आणि पुदिना. या ज्युलेप शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. मूळ फारसी शब्द गुलाब, म्हणजे गुलाबाचे पाणी. तो अरबीत जुलाब झाला आणि औषध घालून दिलेल्या गोड पाण्याला तेच नाव पडले. पश्चिमेकडे जाता जाता त्याचे ज्युलेप झाले आणि आपल्याकडे, पोट साफ करायचे औषध गोड पाण्यातून देत असल्यामुळे, मराठीत जुलाब हा शब्द कशासाठी वापरतात ते वाचकांना सांगायला नको. सरबत आणि शराब हे दोन शब्दही अरबीतल्या 'पिणे' या एकाच धातूतून निघालेले. सख्ख्या बहिणी, पण एक घराला लागली आणि एक घर मोडायला.

मोहितोतून रम काढली, ज्युलेपातून व्हिस्की काढली की उरते काय? लिंबू, साखर, पुदिना, गार पाणी. ते तर आपल्या घरात आधीपासूनच आहे. हल्ली याला मॉकटेल म्हणतात. नावाला आमची हरकत नाही. तरुण मुलांना काचेच्या उंच पेल्यात, वर पुदिन्याचा तुरा खोचून काही प्यावेसे वाटते, त्यात वाईट काय? चारचौघांत हातात छान पेला असला की दुसऱ्या पेल्याचा आग्रह करणाऱ्याला नाही म्हणणे सोपे जाते, हे आम्ही कितीतरी पोरांकडून ऐकले आहे. फक्त एक पथ्य: लग्नात, पार्टीत आपला पेला आपल्यासमोर भरून घ्यावा आणि टेबलावर सोडून जाऊ नये. मॉकटेलच्या पेल्यात 'गंमत म्हणून' दारू ओतणारे महाभाग आपल्याही समाजात आहेत.

पाचव्या शिलाबद्दल विहारात पुष्कळ बोलले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. इथे आम्ही फक्त वॉर्डातले बोलतो. उन्हाळ्यात 'बीअर थंड असते, उष्णता मारते' असे म्हणत पिणारे खूप भेटतात. शरीरात घडते ते नेमके उलटे. आपला मेंदू मूत्रपिंडाला सतत एक निरोप पाठवत असतो: पाणी धरून ठेव. दारू तो निरोप दाबते. मग लघवीवाटे जास्त पाणी जाते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, उभे राहिले की भोवळ येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तहान लागली आहे, डोके जड झाले आहे, सावलीत बसायला हवे, हे कळण्याची शुद्धच बोथट होते.

हे पुस्तकातून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वीची १४ एप्रिलची मिरवणूक. दुपारी तीनला निघालेली. डीजेच्या मागे जनरेटरची गाडी आणि ती ढकलायला वस्तीतलाच एक जण, वय पस्तिशीच्या आत. वरून ऊन, समोरून जनरेटरची आग. सकाळपासून थोडी थोडी घेतलेली होती, ते सगळ्यांना माहीत. चारच्या सुमारास तो असंबद्ध बोलू लागला, पाय ओढू लागला. पोरे हसली. "चढली याले." एका टपरीच्या सावलीत त्याला आडवा केला, कुणीतरी आमच्याच स्टॉलवरचे पुदिन्याचे सरबत आणून त्याच्या तोंडात ओतले, तोंडावर पाणी मारले आणि मिरवणूक पुढे गेली. आम्हाला निरोप आला तेव्हा पाऊण तास झाला होता. अंग तव्यासारखे, घामाचा टिपूस नाही. रुग्णालयात ताप मोजला तो १०६ फॅरनहाईट. शुद्ध हरपलेली असताना ओतलेले सरबत फुप्फुसात गेले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. दारूच्या वासाने त्याचा उष्माघात झाकला गेला. पिणाऱ्याला ऊन लागत नाही असे आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरले होते आणि त्या 'सगळ्यांनी'त आम्हीही आलो, कारण आमचा स्टॉल त्या टपरीपासून पन्नास पावलांवर होता.

तेव्हापासून स्टॉलवरच्या प्रत्येकीला आम्ही एवढे पाठ करायला लावतो. उन्हात माणूस बरळू लागला, झिंगल्यासारखा चालू लागला, फेफरे आले किंवा शुद्ध हरपली, की तो प्यायलेला असो वा नसो, उष्माघात धरून चालायचे. सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा. मान, काखा आणि जांघा इथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवायचा. १०८ ला फोन. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. घाम येत असला तरी उष्माघात नाही असे समजायचे नाही, कष्टाचे काम करणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो. एप्रिल महिना साधा नसतो. २०२३ साली १६ एप्रिलला खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ माणसे दगावली.

मग पुदिन्याने थंडावा मिळतो तो खोटा का? खोटा नाही, पण अर्धवट आहे. आपल्या जिभेत, तोंडात, कातडीत थंडी ओळखणारे मज्जातंतू असतात. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर असते, ते या तंतूंना बर्फ लागल्यासारखे चेतवते. म्हणून पेपरमिंटची गोळी खाऊन साधे पाणी प्यायले तरी दात आंबतात. शरीराचे तापमान मात्र त्याने तसूभरही उतरत नाही. घरच्या पुदिन्यात मेंथॉल कमी असते, त्याचा वास वेगळ्या तेलाचा, पण तोंड ताजे वाटते आणि मळमळ थोडी बसते. उन्हाळ्यात त्याचा खरा उपयोग असा की साधे पाणी नको म्हणणारा माणूस पुदिना घातलेले दोन पेले पाणी आनंदाने पितो. तहान भागवतो तो पाण्यामुळे, मीठ भरून येते ते मिठामुळे. पुदिना बोलावणे करतो. जेवण दुसऱ्यानेच वाढायचे असते.

आता बर्फ. ही आमची दुसरी चूक आणि ती लपवण्यात अर्थ नाही. स्टॉलच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोन पिंपे लिंबू-पुदिना सरबत केले. पाणी उकळून घेतलेले, हात साबणाने धुतलेले, पेले स्टीलचे. बर्फाची लादी हातगाडीवरून आणली, गोणपाटात गुंडाळलेली, वर लाकडाचा भुसा. ती धुतली, फोडली आणि एका पिंपात घातली. दुसरी लादी उशिरा आली, फोडायला वेळ नव्हता, म्हणून दुसरे पिंप तसेच घमेल्यात बर्फाचे तुकडे पसरून त्यावर ठेवले. पुढच्या दोन दिवसांत वस्तीत उलट्या-जुलाब सुरू झाले, बहुतेक लहान मुले आणि एक सात महिन्यांची गरोदर बाई. तिला दोन दिवस सलाईन लावावे लागले. आम्ही घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला: कोणत्या पिंपातले प्यायलात? कडेच्या की नळाजवळच्या? आजारी पडलेले सगळे पहिल्या पिंपाचे होते. त्या गरोदर बाईने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, ते जास्त लागले.

बर्फात जंतू मरत नाहीत, झोपतात. कारखान्यातला लादीचा बर्फ पुष्कळदा मासळी, औषधे, प्रेते थंड ठेवण्यासाठी असतो, त्याचे पाणी पिण्याचे असेलच असे नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. म्हणजे गाडीवरचा निळसर बर्फ दिसला तर तो पोटात जाण्यासाठी नाही. पण पांढरा दिसला म्हणजे चांगला, असेही नाही. तो फुटपाथवर ओढत आणला असेल तर रंगाने काय होणार? कावीळ, विषमज्वर, हगवण या तिन्ही रोगांना एवढी वाट पुरते. आमचा नियम आता साधा आहे: बाजारातला बर्फ पेल्याबाहेर, भांड्याभोवती. पेल्यात घालायचा तर उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरच्या फ्रीजमधला. फ्रीज नसेल तर माठ. माठाभोवती ओले फडके गुंडाळून तो वाऱ्याच्या झोताला ठेवला की त्यातले सरबत कुणाला कमी गार वाटत नाही. हॉलमध्ये धूर निघणारे पेलेही आले आहेत. तो द्रवरूप नायट्रोजन असतो, पूर्ण उडून जाण्याआधी पोटात गेला तर घसा आणि जठर जाळतो, भोक पाडतो. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

पुदिनाही धुऊन घ्यायला लागतो. नाल्याकाठच्या वाडीतला असला तर विशेष. जुडीची मुळे आणि पिवळी पाने काढून टाका, पाने खुडून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवा, माती खाली बसू द्या, पाने वरून उचला, पाणी फेका. असे तीनदा. शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्यात. मिठाच्या पाण्यात बुडवले की जंतू मरतात असे बायका सांगतात. किडे-आळ्या निघतात, जंतू मरत नाहीत.

आता करायचे कसे ते सांगतो.

बिनदारूचा मोहितो, एका पेल्याला: पुदिन्याची ८-१० पाने, अर्ध्या लिंबाच्या फोडी, २ चमचे साखर. तिन्ही पेल्यात घालून लाटण्याच्या टोकाने हलकेच चेपायचे. चेपायचे, कुटायचे नाही. पान चिरडले की कडवट उतरते, नुसते दुखावले की वास सुटतो. वर घरचा बर्फ, मग गार पाणी किंवा सोडा. चिमूटभर मीठ घाला, ते मूळ कृतीत नाही, पण आपल्या घामाला लागते. हिरवा रंग येणार नाही. पाणी पांढुरकेच राहील, त्यात पाने तरंगतील. खरा मोहितो असाच दिसतो. पुदिना मिक्सरमध्ये वाटून लिंबू पिळले तर थोड्या वेळात शेवाळी, मग खाकी रंग येतो, कारण आंबटाने पानातला हिरवा रंग मोडतो. बाटलीतले लिंबू-पुदिना सिरप महिनोन्महिने पोपटी राहते याचा अर्थ ते खाद्यरंगाने हिरवे आहे. परवानगी असलेला रंग विष नसतो. पण तो पुदिना नव्हे, आणि पैसे आपण पुदिन्याचे मोजलेले असतात.

पाहुणे जास्त असतील तर पाक करून ठेवावा. १ वाटी साखर, १ वाटी पाणी, उकळी आली की गॅस बंद करून मूठभर पाने घालून झाकण. २० मिनिटांनी गाळायचे. स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. पाने पाकाबरोबर उकळत ठेवली तर वास उडून जातो आणि मागे काढ्यासारखी चव उरते. आमच्यातल्या एकीने तसा पाक दोनदा केला आणि दोन्ही वेळा खोकल्याचे औषध म्हणून खपवला.

बिनदारूचा ज्युलेप म्हणाल तर तो कोऱ्या चहाचा चांगला होतो. चहा नेहमीपेक्षा थोडा कडक, दूध नाही. गरम असतानाच त्यात पुदिना आणि साखर, मग गार करून स्टीलच्या पेल्यात, घरचा बर्फ फडक्यात कुटून काठोकाठ. पेल्याला बाहेरून दव धरते ते बघूनच अर्धी तहान जाते. मोरोक्कोत पुदिन्याचा चहा गरमच पितात, तोही करून बघा. फक्त गरोदर बाया आणि अंगात रक्त कमी असलेल्या मुलींनी तो जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू मात्र उलट मदत करते. म्हणून पालेभाजी-भाकरीच्या जेवणावर लिंबू-पुदिना पाणी हे जोड चांगले.

आता आपल्या घरचे. कैरीचे पन्हे: २ मध्यम कैऱ्या उकडून गर काढा, चवीप्रमाणे गूळ, अर्धा चमचा भाजलेले जिरे, मीठ आणि पुदिन्याची वाटलेली १५-२० पाने. वेलची घालत असाल तर पुदिना नको, दोन्ही वास भांडतात. चिंच-गुळाच्या पाण्यातही पुदिना बसतो. मठ्ठा तर सगळ्यांत स्वस्त: १ वाटी दही, ३-४ वाट्या पाणी, आले, जिरे, मीठ, पुदिना, आणि असला तर सांबार. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.) ज्वारीची आंबील करणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत तोवर शिकून घ्या. रात्री ताकात पीठ भिजवायचे, सकाळी पातळ शिजवायचे, गार झाल्यावर ताक, मीठ, कांदा आणि वर पुदिना. उन्हात कामाला जाणाऱ्याला यात पाणी, मीठ आणि पोटाला आधार तिन्ही मिळते. एका उपासिकेने विहारात विचारले होते की आंबील आंबवलेली असते, मग ती शिलात बसते का? ती दह्यासारखीच, आंबटपणा आणणाऱ्या जंतूंनी आंबते, वर शिजवलेली असते. ती पिऊन कुणी झिंगलेले आमच्या पाहण्यात नाही.

साखरेचा हिशेब ठेवा. बाजारातल्या ३०० मिलि थंड पेयाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे ६ चमच्यांहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. मधुमेह असलेल्यांनी मठ्ठा, किंवा बिनसाखरेचे लिंबू-पुदिना पाणी घ्यावे. गूळ चालतो असे समजू नये. रक्तदाब असलेल्यांना काळे मीठ सुरक्षित वाटते, तेही मीठच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी यातले काहीही त्या मापातच बसवायचे. छातीत जळजळ, आंबट ढेकर यांचा त्रास असणाऱ्या काहींना पुदिन्याने तो वाढतो, कारण अन्ननलिकेच्या तोंडाची पकड त्याने सैल पडते. अशांनी जिरे-मीठ घालून ताक प्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा आईचे दूध पुरते, पाणीही नको, पुदिना तर नकोच. आणि पुदिन्याचे फूल म्हणून मिळणारे खडे, पेपरमिंटचा अर्क बाळाच्या नाकाला लावायचे प्रकार बंद करा, त्याने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण विदर्भात आपल्या समाजात तो घरोघरी आहे. एसएस पॅटर्नच्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडणाऱ्या कळा सुरू होतात. वॉर्डात एप्रिल-मेमध्ये या मुलांच्या खाटा भरायच्या. परीक्षा, लग्ने, क्रिकेट, पाणी प्यायला वेळ नाही, शाळेत लघवीला जायची लाज म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. एक मुलगा दहावीच्या सुट्टीत मित्रांबरोबर पहिल्यांदा बीअर प्यायला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आईच्या पाठीवर बसून कॅज्युअल्टीत आला. दारू या मुलांसाठी शिलाचा प्रश्न नंतरचा, आधी जिवाचा. त्यांच्या दप्तरात १ लिटरची बाटली हवी, तासातासाला घोट हवा, लिंबू-पुदिना घातला तर बाटली रिकामी होऊन परत येते असा आमचा अनुभव आहे. फक्त त्यांच्यासाठी बर्फ नको. अंगाला एकदम गारठा बसला तरी कळा उठतात. माठाइतके गार पुरे. घरात कुणाची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. लग्न जमवताना पत्रिका आपण पाहत नाही, दोन्हीकडचा हा एक कागद मात्र पाहावा.

जुलाब-उलट्या लागल्या की वरचे सगळे पेले बाजूला ठेवायचे. तेव्हा फक्त जलसंजीवनी. पुडी असेल तर पूर्ण पुडी १ लिटर पाण्यात, अर्धी नाही. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेले पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जास्त साखर घातली तर जुलाब वाढतात, जास्त मीठ घातले तर बाळाला घातक. पुदिन्याने चव सुधारायच्या भानगडीत पडू नका. २४ तासांनी उरलेले फेकून द्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटले आणि हजारो माणसे वाचवली. पिंप, पेला, मीठ, साखर. आमच्या स्टॉलचे सामान वेगळे काय आहे? दुकानात खोक्यावर 'ओआरएस' लिहिलेली गोड पेये बरीच वर्षे विकली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. जुना माल किंवा मिळतेजुळते नाव दिसले तर पाठीमागची अक्षरे वाचून घ्या.

पुदिना विकत घ्यायचीही गरज नाही. बाजारातल्या जुडीतल्या ४-५ जाड काड्या घ्या, खालची पाने काढा आणि पाण्याच्या पेल्यात खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. मग फुटक्या घमेल्यात किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात, तळाला भोके पाडून लावा. सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि ओली माती, एवढ्यावर तो जगतो. कूलरमधून गळणाऱ्या पाण्याखाली डबा ठेवला तर पाहायलाच नको. जमिनीत लावू नका, सगळी जागा खातो.

यंदा आमच्या स्टॉलवर १४ एप्रिलला पुदिन्याचा मठ्ठा आणि बिनबर्फाचे लिंबू-पुदिना पाणी, दोन्ही माठांतून असेल. बाजूला एक घमेले बर्फ, फडकी आणि थर्मामीटर, ते पिण्यासाठी नाही. एक बिनसाखरेचा माठ वेगळा, त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी, कारण लग्नातल्या त्या आजींनी आत्ताच बजावून ठेवले आहे की आपला गिलास चुकता कामा नये. पुदिना वस्तीतल्या १९ डब्यांतून गोळा होईल. लिंबे मात्र १२ तारखेलाच घेऊन ठेवणार आहोत, १४ ला भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.